रोपासोबत काय काय येतं?

पाऊस स्थिरावला की कॉलेजच्या एनएसएस ग्रुपवर मेसेज पडतो: रविवारी सकाळी सातला काशीमिऱ्याला जमा, वृक्षारोपण आहे. तुम्ही जाता. टेम्पोतून उतरलेली काळ्या पिशवीतली रोपं हातोहात पुढे सरकतात. खड्डा, माती, पाणी, सेल्फी. रोप कसलं आहे हे एखादा तरी विचारतो. ते आलं कुठून, हे सहसा कुणी विचारत नाही.

मीरा-भाईंदरमध्ये तरी विचारायला हवं. आपल्या शहराची पूर्वेकडची कड थेट संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला भिडलेली आहे. चेना, घोडबंदरकडे लावलेल्या रोपाची माती ही जंगलाच्या उंबरठ्यावरची माती. त्या मातीत बुरशीचे बीजाणू, जिवाणू, सूत्रकृमी असं काहीही असू शकतं, आणि रोप मात्र वरून हिरवंगार दिसतं.

रोगट रोपं काय करतात हे सोलापूर-नाशिककडच्या डाळिंबवाल्यांना विचारा. ‘तेल्या’ हे नाव ऐकलं नसेल तर घरी गावाकडच्या कुणाला तरी विचारा, चेहरा बदलेल. पानावर, फळावर तेल सांडल्यासारखे डाग पडतात, मग फळ तडकतं. विकायला काही उरतच नाही. हा झँथोमोनास नावाच्या जिवाणूचा रोग. भारतात त्याची पहिली नोंद 1952 ची, दिल्लीची. जवळपास पन्नास वर्षांनी महाराष्ट्रात त्यानं थैमान घातलं. एवढा प्रवास त्यानं एकट्यानं केला नाही. डाळिंबाची लागवड गुटी कलमानं होते, म्हणजे झाडाच्याच फांदीला मुळं फोडायची आणि ती कापून विकायची. मूळ झाडात रोग असेल तर तो कलमात येतो, लक्षणं न दाखवता. भगव्या डाळिंबाला भाव होता, कलमांना मागणी होती, गाड्या भरभरून कलमं जिल्ह्या-जिल्ह्यांत गेली. कलमांबरोबर तेल्याही गेला. सोलापूरच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राच्या कामाचा मोठा भाग या रोगाभोवती आहे. आज बागायतदार छाटणीची कात्री निर्जंतुक करतात, रोगट फांद्या जाळतात, पावसाळ्यातला मृग बहार टाळून हस्त बहार धरतात. एका जिवाणूनं शेतीचं कॅलेंडर बदललं.

पण डाळिंबाला निदान मालक असतो, त्याच्याकडे फवारणी पंप असतो. जंगलातल्या झाडाला बोर्डो मिश्रण मारायला कोण जाणार?

1904 मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयात चेस्टनटची झाडं वाळताना दिसली. पूर्व आशियातून आणलेल्या रोपांबरोबर आलेली ती बुरशी होती. आशियातल्या चेस्टनटला तिची सवय होती, अमेरिकेतल्या झाडांना नव्हती. पन्नासेक वर्षांत अब्जावधी झाडं गेली. अगदी अलीकडचं हवं असेल तर 2017 मध्ये न्यूझीलंडच्या मुख्य बेटांवर मर्टल रस्ट हा तांबेरा पहिल्यांदा सापडला तो एका नर्सरीतल्या रोपांवर. हा तांबेरा ज्या कुळातल्या झाडांना धरतो, त्याच कुळातलं आपलं जांभूळ आहे. पेरूही.

संशोधक सगळ्यात जास्त धास्तावतात ते फायटोप्थोराला. ग्रीकमध्ये नावाचा अर्थच ‘झाडांचा विनाशक’. दिसायला बुरशी, पण नात्यानं शैवालांच्या जवळचा. त्याचे बीजाणू पाण्यात चक्क पोहतात. सिंधुदुर्गात सुपारीवर येणारा कोळेरोग याच मंडळींचा. म्हणजे नर्सरीत पाणी तुंबलं की त्याची चंगळ, आणि आपलं वृक्षारोपण नेमकं भर पावसात!

कायदे आहेत. परदेशातून रोप आणायचं तर 2003 च्या प्लांट क्वारंटाइन आदेशानुसार परवाना आणि रोगमुक्ततेचा दाखला लागतो. त्यामुळे बँकॉकहून बॅगेत लपवून आणलेली मॉन्स्टेराची फांदी इन्स्टावर कितीही क्यूट दिसली तरी ती चोरटी आयात आहे. राज्यात फळझाडांच्या रोपवाटिकांसाठी 1969 पासून कायदा आहे. त्याच्या नावातच ‘फळझाडं’ आहेत. जंगलाकडेला लावायच्या रोपांची तपासणी तुम्हालाच करावी लागेल.

ती अवघड नाही. ट्रकभरातली दोन-तीन रोपं पिशवीतून अलगद काढून मुळं बघा. निरोगी मुळं पांढरट आणि घट्ट असतात. काळी, मऊ, कुजका वास येणारी असतील तर अख्खी खेप परत पाठवा, आयोजक कितीही ‘अरे लाव ना’ म्हणाले तरी. नर्सरीत पिशव्या थेट चिखलात ठेवलेल्या असतील तर दुसरी नर्सरी बघा. रोपं बाहेरगावची नकोत, जवळच्या बियांपासून जवळच वाढवलेली मागा. काम झाल्यावर बुटांचा आणि कुदळीचा चिखल तिथेच घासून काढा, तो घेऊन दुसऱ्या जागी जाऊ नका.

बॉटनी किंवा मायक्रोबायोलॉजीला असाल तर तिसऱ्या वर्षाच्या प्रोजेक्टला विषय शोधायला लांब जायला नको. घोडबंदर रोडवरच्या नर्सरीवाल्यांना विचारून पिशवीतली माती आणा आणि काय उगवतं ते पेट्री डिशमध्ये बघा. उद्यानाच्या हद्दीतलं पानसुद्धा परवानगीशिवाय तोडता येत नाही, तिथे फक्त फोटो काढा आणि कुठलं झाड कधी वाळायला लागलं याची तारीख लिहून ठेवा.