डिस्क ड्राइव्हविना लिनक्सचे नूतनीकरण

पुण्याला लिनक्स ही मुक्त संगणकप्रणाली नवी नाही. प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजेच सी-डॅक, १९८८ पासून या शहरात आहे, याच संस्थेने २००७ मध्ये डेबियन या लिनक्सच्या एका वितरणाच्या पायावर ‘बॉस’ ही भारतीय भाषांना सामावणारी प्रणाली लोकांपुढे आणली, आणि पुणे ग्नू/लिनक्स यूझर्स ग्रुपसारख्या मंडळांनी मुक्त प्रणालींचा प्रसार केला. तरीही जुन्या संगणकाची सीडी वाचणारी डिस्क ड्राइव्ह बंद पडली की तो भंगारात काढण्याचा विचार होतो, कारण प्रणाली सीडीवरूनच बसते हा समज अजून टिकून आहे.

वास्तविक, स्थापनेच्या वेळी संगणकाला दोनच गोष्टी हव्या असतात: कर्नल, म्हणजे यंत्रसामग्री आणि प्रोग्रॅम यांच्यामध्ये काम करणारा प्रणालीचा गाभा, आणि मेमरीत उलगडणारी एक छोटी फाइल. या दोन्ही मेमरीत पोहोचल्या की त्या कशावरून आल्या याला महत्त्व उरत नाही.

जुनी प्रणाली चालू असेल, तर इंटरनेटवरूनच तिचे नूतनीकरण करता येते. मात्र डेबियनमध्ये मधली आवृत्ती गाळता येत नाही, एकेक पायरी चढावी लागते, आणि फार जुन्या आवृत्तीचे सॉफ्टवेअर डेबियनच्या संग्रहातून घ्यावे लागते. नव्याने स्थापना करायची असल्यास पेन ड्राइव्ह सर्वांत सोपी. पण जुन्या यंत्राचे बायोस, म्हणजे संगणक सुरू होताच प्रथम चालणारा प्रोग्रॅम, ती ओळखत नसेल, तर त्या दोन फाइली हार्ड डिस्कवरच ठेवून ‘ग्रब’ या बूटलोडरला, म्हणजे प्रणाली सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमला, त्यांचा पत्ता देता येतो. चौथा मार्ग पीएक्सईचा, ज्यात नेटवर्कच्या तारेने जोडलेला शेजारचा संगणक त्या फाइली पुरवतो. कोणत्याही मार्गाने जाण्यापूर्वी आपल्या फाइलींची प्रत दुसरीकडे ठेवणे मात्र अनिवार्य आहे.

खरी मर्यादा निराळीच आहे. उबुंटू या दुसऱ्या लिनक्स वितरणाने २०१७ मध्ये ३२-बिट प्रोसेसरच्या संगणकांसाठी डेस्कटॉपच्या प्रती देणे थांबवले, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये अशा यंत्रांसाठी इन्स्टॉलर उरला नाही. त्यामुळे जुना संगणक टिकेल की नाही, हे डिस्क ड्राइव्हवर नव्हे, तर प्रोसेसर ६४-बिट आहे का आणि मेमरी पुरेशी आहे का यावर ठरते. ‘एलएससीपीयू’ या आज्ञेने पहिला प्रश्न क्षणात सुटतो. दोन्ही उत्तरे होकारार्थी असतील, तर ते यंत्र एखाद्या विद्यार्थ्याच्या टेबलावर आणखी काही वर्षे काम करू शकते, आणि ते भंगारात जाऊ न देणे ही जबाबदारीची गोष्ट आहे.