केंद्राध्यक्षाचे दोन दिवस

भारतात मतदान केंद्रावरचे काम आपखुशीने मागून मिळत नाही. ते आदेशाने येते. जर्मनीत ते मानसेवी नागरिक करतात. इथे १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व अधिनियमानुसार जिल्हा निवडणूक अधिकारी केंद्राध्यक्ष व मतदान अधिकारी नेमतो. ‘इलेक्शन ड्युटी’चा आदेश बहुधा शिक्षक, लिपिक, बँक कर्मचारी यांच्या नावे निघतो.

उदाहरणादाखल सांगली जिल्ह्यातील कुंडल घेऊ; ते पलूस-कडेगाव मतदारसंघात येते. पूर्वी ते औंध संस्थानात होते आणि १९३९ च्या घटनेने तिथल्या गावपंचायतींच्या हाती कारभार आला. पुढे ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या प्रतिसरकारचे ते मुख्य ठाणे बनले. अशा गावात मतदानाकडे बारीक लक्ष असणारच.

२० नोव्हेंबर २०२४ ला इथे विधानसभेसाठी मतदान झाले. अशा वेळी मतदान पथके आदल्या दिवशी यंत्रे व साहित्य घेऊन निघतात. आपले केंद्र कोणते, हेही त्यांना तेव्हाच कळते. मुक्काम केंद्रावरच असतो.

खरी कसोटी पहाटे साडेपाचला लागते. उमेदवारांच्या मतदान प्रतिनिधींसमोर किमान ५० मतांचे अभिरूप, म्हणजे चाचणीचे, मतदान होते. मग ‘क्लोज’, ‘रिझल्ट’, ‘क्लिअर’ ही बटणे याच क्रमाने दाबायची. ‘क्लिअर’ राहून गेले, तर चाचणीची मते खऱ्या मतांत मिसळतात आणि दिवसभराचा हिशेब कोलमडतो. व्हीव्हीपॅटमधल्या चाचणीच्या चिठ्ठ्याही काढून, शिक्का मारून काळ्या पाकिटात बंद होतात.

सात वाजता मतदान सुरू होते. पहिला अधिकारी ओळख पटवून नाव मोठ्याने वाचतो, दुसरा शाई लावून नोंदवहीत सही किंवा अंगठा घेतो व चिठ्ठी देतो, तिसरा ती चिठ्ठी घेऊन मतदान यंत्राच्या कंट्रोल युनिटचे बटण दाबतो. जेवायला सगळ्यांना एकदम उठता येत नाही, कारण मतदान मध्ये थांबत नाही.

संध्याकाळी सहाला रांगेत असलेल्यांना शेवटच्या माणसापासून चिठ्ठ्या वाटतात; त्या सर्वांचे मतदान होते. त्यानंतर यंत्रावरचा आकडा नोंदवहीशी ताडून ‘१७ सी’ नमुना भरला जातो व त्याची प्रत प्रतिनिधींना मिळते. दिवसभरातला हा सर्वांत मोलाचा कागद, कारण मतमोजणीला याच आकड्याशी यंत्र पडताळतात. साहित्य जमा करेपर्यंत पुष्कळदा मध्यरात्र उलटते.

मतदारानेही एक लक्षात ठेवावे: नुसती मतदार माहिती चिठ्ठी ओळख म्हणून चालत नाही. ओळखपत्र आधीच हातात काढून ठेवावे. केंद्रावरच्या या थकलेल्या माणसांना तेवढी मदत जरूर करावी.