गती, भूमी आणि प्रतिसंधी : बौद्ध परिभाषेतील पुनर्भव

बौद्ध ग्रंथांचे मराठीत विवेचन करताना ‘पुनर्जन्म’ हा शब्द आपण सहज योजतो. तो उच्चारताच एक देह टाकून दुसरा धारण करणारा आत्मा मनापुढे उभा राहतो. बौद्ध मताने असा आत्मा नाही. मग जन्मतो कोण? या प्रश्नाच्या उत्तरासाठी मूळ परिभाषेकडेच वळावयास हवे.

पालि वाङ्मयात ‘गति’ व ‘भूमि’ अशा दोन गणना आढळतात. मज्झिमनिकायातील महासीहनादसुत्तात नरक, तिर्यग्योनी, प्रेतविषय, मनुष्य व देव या ५ गती सांगितल्या आहेत. असुरांची सहावी गती मानावी की नाही, याविषयी संप्रदायांत मतभेद होता. कथावत्थूने ती नाकारून काही असुर प्रेतांत, तर काही देवांत घातले. तिबेटी भवचक्रांत मात्र बहुधा ६ गती दाखवितात.

भूमींची गणना याहून सूक्ष्म आहे. अनुरुद्धकृत अभिधम्मत्थसंगहात कामलोकाच्या ११, रूपलोकाच्या १६ व अरूपलोकाच्या ४ अशा एकंदर ३१ भूमी येतात. कामलोकात ४ अपाय, १ मनुष्यलोक व ६ देवलोक असून असुर येथे अपायांत स्वतंत्रपणे गणले आहेत. वरचे दोन्ही लोक ध्यानाच्या पायऱ्यांशी जोडलेले आहेत. म्हणजे विश्वाची ही रचना चित्ताच्या अवस्थांनुसार लावलेली आहे.

एका भवातून दुसऱ्या भवात संक्रमण कसे होते? थेरवादानुसार च्युतिचित्त निरुद्ध होताच, मध्ये खंड न पडता, कर्मानुरूप प्रतिसंधिचित्त उत्पन्न होते. सर्वास्तिवाद्यांनी दोहोंमध्ये ‘अंतराभव’ मानला व वसुबंधूने अभिधर्मकोशात त्याचे समर्थन केले. तथापि नित्य आत्मा दोन्ही पक्षांना अमान्यच आहे. मिलिंदपञ्हात यासाठी दिव्यावरून लावलेल्या दिव्याचा दृष्टांत आहे.

‘गति’ हा शब्द ‘गम्’ धातूपासून आल्यामुळे जाणारा कोणी असावा, असा भास होतो. ‘पटिसन्धि’ म्हणजे पुन्हा जुळणारा सांधा. सांध्याला दोन टोके लागतात. एका टोकाकडून दुसऱ्याकडे जाणारा प्रवासी लागत नाही. ‘पुनब्भव’ या शब्दातही ‘भू’ म्हणजे ‘होणे’ हाच धातू आहे. म्हणून अशा स्थळी ‘पुनर्भव’ हाच शब्द राखणे इष्ट होय. अन्यथा मुळात नसलेला आत्मा भाषांतरातून आत येतो आणि अनात्मवाद वाचकास विनाकारण विसंगत वाटू लागतो.