विजेचीं वाहनें आणि गावचें रोहित्र

अलीकडे खेडोपाडीं विजेवर चालणाऱ्या दुचाक्या व मालवाहू तीनचाकी गाड्या दिसूं लागल्या आहेत. पेट्रोलाच्या मानानें त्यांचा खर्च किती कमी येतो, याचा हिशेब आमच्या पुष्कळ वाचकांनीं केलाच असेल. त्याविषयीं येथें अधिक लिहिण्याचें कारण नाहीं. मात्र हें वाहन जी वीज घेतें ती कोणत्या रोहित्रांतून येते, आणि त्याच रोहित्रावर आपला पंप असला तर काय होतें, हा विचार फारसा झालेला आढळत नाहीं.

वाहनांस वीज पुरविण्याचा प्रश्न आपल्या प्रांतास नवा नव्हे. मुंबईस बोरीबंदरापासून कुर्ल्यापर्यंत विजेची पहिली आगगाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं धांवली. तत्पूर्वीं खोपोलीचें जलविद्युत्केंद्र १९१५ सालीं व भिवपुरीचें १९२२ सालीं सुरू झालें होतें. भिऱ्याचें पुढें १९२७ सालीं झालें. या शेवटच्या केंद्रासाठीं मुळशीच्या भातजमिनी पाण्याखालीं गेल्या, आणि १९२१ ते १९२४ या काळांत सेनापति बापट यांच्या पुढारीपणाखालीं तेथील शेतकऱ्यांनीं सत्याग्रह केला. शहराच्या सोयीची किंमत खेड्यानें कशी भरली, हें विजेचा विचार करितांना शेतकऱ्यानें ध्यानांत ठेवावें असें आम्हांस वाटतें. पण आज मुद्दा निराळा आहे. आगगाडीची वीज उच्च दाबाच्या तारांवरून स्वतंत्र उपकेंद्रांत येते व तेथून गाडीच्या तारेंत जाते. त्यामुळें गाडी निघाली म्हणून शेजारच्या घरांतील दिवा मंदावत नाहीं. खेड्यांतील वाहनास असें उपकेंद्र कोण देणार? तें घरच्याच तारेंतून वीज ओढतें.

हें ओझें किती तें पाहूं. साध्या दुचाकीच्या बॅटरींत सुमारें ३ युनिट वीज मावते, व ती भरतांना पाऊण किलोवॅटच्या आंतबाहेर, म्हणजे एका अश्वशक्तीएवढा भार पडतो. त्याची धास्ती बाळगण्याचें कारण नाहीं. चारचाकी मोटार मात्र घरच्या साध्या चार्जरवरही ३.३ किलोवॅट घेते. पांच अश्वशक्तीच्या पंपाहून हा भार थोडाच कमी, आणि तोही सारा एकाच फेजवर. आतां ६३ केव्हीएचें रोहित्र घ्या. पांच अश्वशक्तीचे दहाअकरा पंप पूर्ण भारानें चालले कीं त्याची शक्ति संपली. शिवाय सुरू होण्याच्या क्षणीं मोटार नेहमींच्या पांचसहा पट प्रवाह ओढते. सर्वांनीं ऑटो-स्विच लावलेले असले म्हणजे वीज येतांच हा धक्का एकदम बसतो, व त्याच घटकेस वस्तीवरचे चार्जरही जागे होतात.

रोहित्राच्या वेटोळ्यांवर कागदाचें वेष्टण असतें व तें तेलांत बुडविलेलें असतें. मर्यादेपलीकडे उष्णता वाढली कीं दर ६ अंश सेल्सिअसमागें या कागदाच्या ऱ्हासाचा वेग सुमारें दुप्पट होतो. म्हणून रोहित्र एका रात्रींत जळालेलें दिसलें तरी त्याचा क्षय पुष्कळ आधीं सुरू झालेला असतो. आणि तें जळावयाचें बहुधा गहूं ओंबीवर असतांना किंवा उन्हाळी भुईमुगास आऱ्या सुटत असतांना! नवें येईपर्यंत आठवडा गेला तर उतारा किती घटतो, हें वाचकांस सांगावयास नको. जेथें गावठाणाची व शेतीची वाहिनी वेगळी केलेली आहे, तेथें गावांतील चार्जरचा पंपाच्या रोहित्राशीं संबंध येत नाहीं. शेतांत वस्ती करून राहणारांनीं मात्र हें अवश्य पाहिलें पाहिजे.

यावर उपाय काय? बॅटरीचा एक मोठा गुण असा कीं, तिला वीज दुपारीं मिळाली काय किंवा मध्यरात्रीं मिळाली काय, सारखेंच. पिकाचें तसें नाहीं. दिवसां वीज देण्याच्या हेतूनें आपल्या राज्यांत मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ सालीं निघाली व तिचा दुसरा टप्पा २०२३ सालीं आला. सौरवीज दुपारीं विपुल असते. सूर्य मावळला कीं ती थांबते, आणि दिवे, पंखे, शेगड्या यांची मागणी तर त्याच वेळीं चढते. गाडी घरीं आणून सायंकाळीं सात वाजतां चार्जिंगला लावणें हें म्हणूनच सर्वांत वाईट. केंद्र सरकारनें २०२३ सालीं नियम दुरुस्त करून, कृषिग्राहक वगळतां इतरांस उन्हाच्या वेळीं दर कमी व मागणीच्या वेळीं अधिक लावण्याची तरतूद केली, तिचें मूळ हेंच आहे.

येथें एक सावधगिरीची सूचना. कृषिपंपाच्या जोडणीवर गाडी भरण्याचा मोह कित्येकांस होतो. परंतु जोडणी ज्या कामासाठीं घेतली त्याहून निराळ्या कामीं वीज वापरणें हा २००३ च्या विद्युत् कायद्याच्या १२६ व्या कलमाप्रमाणें अनधिकृत वापर ठरतो, व त्याची आकारणी लागू दराच्या दुपटीनें होते. चार पैसे वांचविण्यासाठीं हा धोका पत्करणें आम्हांस शहाणपणाचें वाटत नाहीं.

गाडींतील वीज परत तारेंत सोडण्याची युक्तिही आतां प्रचारांत येत आहे. डेन्मार्कांत फ्रेडरिक्सबर्ग येथें २०१६ सालीं दहा विजेच्या मालगाड्या अशा रीतीनें जाळ्यास जोडण्यांत आल्या. उभ्या असतां त्या वीज घेत व देतही. आपल्या खेड्यांत असें होण्यास विशेष चार्जर व विशेष मीटर लागेल, तेव्हां तूर्त ती गोष्ट दूरची आहे. कोणी हौशी मनुष्य मात्र वीज गेली असतां बॅटरीचीं टोकें इन्व्हर्टरमार्फत घरच्या वायरिंगला परस्पर जोडूं पाहील. असें कदापि करूं नये. मुख्य स्विच तोडलेला नसल्यास ती वीज उलट रोहित्रांत जाऊन तेथें दाब वाढतो, आणि तार बंद आहे असें समजून खांबावर चढलेल्या वायरमनचा जीव जातो.

मोटारीचा चार्जर बसविण्यापूर्वीं वीज कार्यालयांत जाऊन आपल्या रोहित्राची शक्ति, त्यावरील मंजूर भार व कोणत्या फेजवर भार कमी आहे, या तीन गोष्टी विचारून घ्याव्या, आणि घराचा मंजूर भार वाढवून घ्यावा. एका रोहित्रावरील पंपवाल्यांनीं मिळून ऑटो-स्विच काढावे व प्रत्येक मोटारीस योग्य कपॅसिटर बसवावा. चार्जरास स्वतंत्र अर्थिंग द्यावें व उन्हाळ्यांत त्याच्या खड्ड्यांत अधूनमधून पाणी घालावें.