ओटीपोटाखालची ओळख

बाईच्या दोन मांड्यांमध्ये तीन द्वारं असतात. पुढे लघवीचं, मध्ये योनीचं आणि मागे गुदाचं. दोन बाळंतपणं झालेल्या, पदवीधर, नोकरदार कित्येक बायकांनाही लघवी आणि पाळी एकाच वाटेने येते असं वाटत असतं. दवाखान्यात लघवीची नळी घालायची वेळ येते, किंवा लेक पाळीसाठी कप वापरायचा म्हणते, तेव्हा कुठे शंका निघते. यात त्या बायकांचा काही दोष नाही. पुस्तकातल्या आकृतीत गर्भाशय आणि अंडाशय नीट काढलेले असतात, पण आरसा धरला तर बाहेरून काय दिसेल, ते बहुधा कुणी दाखवलेलंच नसतं. या न दाखवण्याची किंमत फार मोठी आहे, आणि ती महाराष्ट्रातल्या बायकांनी मोजलेली आहे.

पुढच्या द्वारापासून सुरुवात करू. बाईचा मूत्रमार्ग जेमतेम ४ सेंटिमीटरचा असतो, पुरुषाचा १८ ते २० सेंटिमीटरचा. शिवाय बाईचं मूत्रद्वार गुदद्वारापासून फार लांब नसतं. आतड्यात निरुपद्रवीपणे राहणारे जंतू तिथून मूत्राशयापर्यंत सहज पोचतात. लघवी होते तेव्हा ते बरेचसे वाहून जातात, तुंबून राहिली की वाढतात. पनवेलहून सीएसएमटीला जाणाऱ्या लोकलला सव्वा तासाच्या वर लागतो आणि डब्यात सोय नसते. म्हणून सकाळी निघताना पाणीच न पिणाऱ्या बायका हार्बर लाइनवर पुष्कळ आहेत. संध्याकाळी जळजळ सुरू झाली की 'उष्णता झाली' म्हणून सब्जा घेतला जातो. मुंबईत २०११ साली 'राइट टू पी' ही मोहीम उभी राहिली, ती बायकांना मोफत, स्वच्छ मुतारी मिळावी म्हणून. तिच्यामागे हे शरीरशास्त्र होतं. पाणी पिणं, लघवी न अडवणं, संबंधानंतर लघवीला जाऊन येणं आणि धुताना हात पुढून मागे नेणं, यांनी बराच त्रास टळतो. जळजळीबरोबर थंडी-ताप आला किंवा कंबरेच्या वर पाठीत दुखू लागलं, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. संसर्ग मूत्रपिंडाकडे गेलेला असू शकतो.

बाहेरून दिसणाऱ्या भागाला भग म्हणतात. मोठे ओठ, त्यांच्या आत लहान ओठ, वरच्या टोकाला शिश्निका. लहान ओठ एकसारखे नसणं, एक लांब एक आखूड असणं, कडेला काळपट असणं, बाहेर डोकावणं हे सगळं स्वाभाविक आहे. लंडनमध्ये २००५ साली ५० निरोगी बायकांची मोजमापं घेतली, तेव्हा लहान ओठांची रुंदी कुणाची ७ मिलिमीटर, तर कुणाची ५० मिलिमीटर भरली. सातपटीचा फरक, आणि सगळ्याच निरोगी. फोनवरची चित्रं बघून आपलं काहीतरी बिघडलंय असं समजणाऱ्या मुलींना हा आकडा सांगायलाच हवा. केसांनाही काम आहे, घर्षणापासून ते त्वचेला जपतात. काढायचेच असतील तर कात्रीने बारीक करणं सगळ्यात निर्धोक.

शिश्निकेची हकीकत खरोखर अद्भुत आहे. बाहेर वाटाण्याएवढा उंचवटा दिसतो, तो तिचा फक्त शेंडा. बाकीचा सगळा अवयव आत असतो. जांघेच्या हाडालगत मागे गेलेले दोन पाय, आणि योनिमार्गाच्या दोन्ही बाजूंना रक्ताने फुगणारे दोन भाग. जर्मन शरीरशास्त्रज्ञ गेओर्ग कोबेल्ट यांनी १८४४ सालीच याच्या बारीक आकृत्या काढल्या होत्या. नंतरच्या ग्रंथांतून हा तपशील आक्रसत गेला. ऑस्ट्रेलियातल्या शल्यविशारद हेलन ओकॉनेल यांनी १९९८ साली शवविच्छेदन करून तो पुन्हा मांडला, तेव्हा जगाने नव्याने पाहिलं. या अवयवात ८,००० चेतातंतू असतात असं वर्षानुवर्षं सांगितलं जाई, तो आकडा मुळात गुरांवरच्या अभ्यासातून आलेला. माणसाच्या ऊतीत प्रत्यक्ष मोजणी झाली २०२२ साली, अमेरिकेत ओरेगॉनला, आणि ती १०,००० च्या वर गेली. शरीरात दुसरं कुठलंही ठळक काम नसलेला, मुख्यतः सुखासाठी असलेला हा अवयव.

त्याचा आरोग्याशी संबंध अगदी थेट आहे. बाईला इच्छा झाली, वेळ मिळाला, की या भागाकडे रक्त धावतं, योनीच्या भिंती ओलसर होतात, आतली जागा लांबते आणि रुंदावते. हे व्हायच्या आधीच संबंध आला तर कोरडेपणा, ओरखडे, दुखणं. 'बाईला दुखायचंच' हे वाक्य पिढ्यान्‌पिढ्या नव्या नवरीच्या कानात सांगितलं गेलं आहे, आणि ते चूक आहे. मराठीत हे उघडपणे लिहिण्याचं धैर्य र. धों. कर्वे यांनी दाखवलं. १९२५ साली विल्सन कॉलेजातली गणिताची नोकरी सोडावी लागल्यावर १९२७च्या जुलैपासून त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलं आणि १९५३ साली मृत्यू येईपर्यंत चालवलं. वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांची बाजू मांडायला उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. कर्वे खटला हरले, दंड भरला आणि अंक काढत राहिले. आज नवरा-बायको एकमेकांशी याविषयी दोन शब्द बोलू शकतात, त्यात त्या दंडाचा वाटा आहे असं मी मानते.

योनीच्या तोंडाशी एक पातळ घडी असते, योनिपटल. ते पडद्यासारखं गच्च बंद नसतं. क्वचित अपवाद सोडले तर त्याला छिद्र असतंच, नाहीतर पाळी बाहेर आलीच नसती. कुणाचं चंद्रकोरीसारखं, कुणाचं कंगोरेदार, कुणाचं नावापुरतं. पहिल्या संबंधात अनेकींना रक्त येत नाही. कुणाचा संबंध आला आहे की नाही, हे ते पटल बघून जगातला कुठलाही डॉक्टर सांगू शकत नाही. आणि तरी या घडीवरून महाराष्ट्रातल्या कंजारभाट समाजात लग्नाच्या रात्री पांढरी चादर अंथरली जात होती. त्याच समाजातल्या तरुण-तरुणींनी २०१८च्या सुमारास त्याविरुद्ध 'स्टॉप द व्ही रिच्युअल' ही मोहीम उघडली, मार खाल्ला, बहिष्कार सोसला. त्याच सुमारास सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयातले न्यायवैद्यक तज्ज्ञ डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी, डॉक्टरीच्या पुस्तकांतली 'कौमार्याची लक्षणं' अशास्त्रीय आहेत हे सप्रमाण मांडलं. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने २०१९ साली तो भाग अभ्यासक्रमातून काढला. बलात्कारपीडितेची 'दोन बोटांची चाचणी' सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली नाकारली, आणि २०२२ साली ती करणाऱ्याला गैरवर्तनाचा दोषी धरण्याचा आदेश दिला.

आता आत जाऊ. योनिमार्ग ७ ते १० सेंटिमीटर लांब, भिंती एकमेकींना टेकलेल्या, आणि वरचं टोक गर्भाशयाच्या मुखाशी बंद. कप किंवा टॅम्पॉन 'आत हरवेल' ही भीती म्हणूनच निराधार, त्याला पुढे जायला वाटच नाही. या भिंतींच्या पेशींत साखरेचा साठा असतो. तिथे राहणारे लॅक्टोबॅसिलाय जंतू तिच्यावर जगतात आणि तिचं आम्ल करतात, जसं विरजण दुधाचं दही करतं. त्या आंबटपणामुळे, म्हणजे साधारण ३.८ ते ४.५ पीएचमुळे, रोगजंतूंना तिथे थारा मिळत नाही. आत साबण, डेटॉल किंवा सुगंधी वॉश घातला की हे राखणदार आधी मरतात आणि वास, खाज उलट वाढते. बाहेरून साधं पाणी पुरे. आतून ती जागा स्वतःला स्वच्छ ठेवते.

ही स्वच्छता म्हणजेच अंगावरून जाणारं पांढरं. पाळीनंतर थोडं, महिन्याच्या मध्यावर अंड्याच्या पांढऱ्यासारखं ताणलं जाणारं, पुढे दाटसर. वाळल्यावर निकरवर पिवळसर डाग पडतो, तोही ठीक. बदल ओळखता आला पाहिजे: दह्याच्या गुठळ्यांसारखं आणि प्रचंड खाज असेल तर बहुधा बुरशी, माशासारखा वास असेल तर जंतूंचा तोल ढळलेला, हिरवट-फेसाळ असेल तर ट्रायकोमोनास, आणि त्यात नवऱ्यालाही औषध घ्यावं लागतं. निकर परकराखाली लपवून ओलसर कोपऱ्यात वाळत घालण्यापेक्षा उन्हात घालावी. रायगडच्या पावसात दिवसभर चिखलात भातलावणी करणाऱ्या बाईने घरी आल्यावर आधी कोरडे कपडे घालावेत.

पांढरं जाणं म्हणजे हाडं झिजून वाहणं, ही समजूत आपल्याकडे खोल आहे. तिच्या पोटी दोन टोकाच्या गोष्टी घडतात, अंगावर काढणं आणि घाबरणं. अंगावर काढण्याचं मोजमाप गडचिरोलीत झालं. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार निघाले, आणि त्याआधी कधी अशी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. हे १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं, तेव्हा बाईचं आरोग्य म्हणजे गरोदरपण आणि कुटुंबनियोजन एवढंच धरणाऱ्या सगळ्या जगाला आपलं मोजमाप बदलावं लागलं. घाबरण्याचं टोक बीडला दिसलं. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे ८२,३०९ ऊसतोड कामगार बायकांची पाहणी आली, त्यांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयाची पिशवी काढलेली होती. पांढरं जातंय, पोटात दुखतंय म्हणून दवाखान्यात गेलेल्या बाईला 'कॅन्सर होईल' हे दोन शब्द पुरेसे झाले. पिशवी म्हणजे नेमकं काय, तिचं मुख कुठे असतं आणि कॅन्सर कशाला होतो, हे तिला ठाऊक असतं, तर तिने निदान एक प्रश्न तरी विचारला असता.

तो कॅन्सर होतो मुख्यतः गर्भाशयमुखाला, म्हणजे पिशवीच्या तोंडाला. बोट आत सरकवलं तर टोकाशी नाकाच्या शेंड्याइतकं टणक लागतं, ते हेच. त्यावर एक वर्तुळाकार सीमारेषा असते, जिथे बाहेरच्या चपट्या पेशी आणि आतल्या उभ्या पेशी भेटतात. एचपीव्ही विषाणूला नेमकी हीच जागा सापडते. संसर्ग बहुतेकींचा आपोआप जातो. काहींचा टिकतो आणि कॅन्सर व्हायला सहसा दहा-पंधरा वर्षं घेतो. एवढा अवधी देणारे कॅन्सर थोडे. याच अवधीचा उपयोग करून उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात, बार्शीच्या कॅन्सर रुग्णालयाने आणि मुंबईच्या टाटा रुग्णालयाने १९९९ पासून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांवर अभ्यास केला. आयुष्यात एकदाच एचपीव्ही चाचणी झालेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले.

मुंबईच्या वस्त्यांत टाटाने याहून स्वस्त वाट तपासली. दहावी शिकलेल्या स्थानिक बायकांना काही आठवडे शिकवलं. बाई पाठीवर झोपते, पाय दुमडते, चिमट्यासारखं उपकरण योनीत अलगद उघडून मुखावर उजेड टाकला जातो, आणि साधारण व्हिनेगरच्या ताकदीच्या पातळ आम्लात भिजवलेला कापसाचा बोळा तिथे टेकवतात. मिनिटभर थांबायचं. निरोगी भाग गुलाबीच राहतो, बिघडू लागलेला पांढरा फटक दिसतो. दर दोन वर्षांनी अशी तपासणी झाल्यावर मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. या संशोधनाचा वारसा आता पनवेल तालुक्यात आहे. टाटा स्मारक केंद्राचं 'ॲक्ट्रेक' हे कॅन्सर संशोधन केंद्र २००२ पासून खारघरला आहे. सरकारी कार्यक्रमात ही व्हिनेगरची तपासणी ३० ते ६५ वयात दर पाच वर्षांनी एकदा सांगितली आहे.

एचपीव्हीवर मुलींसाठी लस आहे, आणि तिच्या इतिहासातही बार्शी-पुण्याचं नाव आहे. २००९ साली देशात नऊ ठिकाणी लशीचा अभ्यास सुरू झाला, त्यातली दोन ही. २०१० साली सरकारने तो मध्येच थांबवला आणि हजारो मुलींना एकच डोस मिळून राहिला. पुढची दहा वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवल्यावर एक डोसही जवळपास तेवढंच संरक्षण देतो असं निघालं, आणि एकाच डोसाचा पर्याय जगभर खुला होण्यात या मुलींचा वाटा मोठा आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची 'सर्व्हावॅक' लस २०२२ साली मंजूर झाली. नवव्या वर्षापासून घेता येते. लस घेतलेल्या मुलीनेही तिशीनंतर तपासणी करायचीच.

अंग बाहेर येणं हाही अंगावर काढण्याचाच आजार. पिशवी, मूत्राशय आणि मलाशय यांना खालून पेलणारे स्नायू बाळंतपणाने सैलावतात, आणि बाळंतीण लगेच हंडे, मोळ्या उचलू लागली तर आणखी. लघवी अडवताना जे स्नायू आवळले जातात, तेच एरवी, लघवी करत नसताना, दिवसातून काही वेळा आवळून-सोडून बळकट करता येतात. योनीत बसवायची कडी मिळते, शस्त्रक्रिया शेवटी. पाळी जाताना भिंती पातळ आणि कोरड्या होतात. त्यावर डॉक्टरांच्या सल्ल्याने लावायचं मलम आहे, सोसण्याची गरज नाही. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर एक थेंब जरी रक्त दिसलं, किंवा संबंधानंतर रक्त आलं, तर तपासणी लांबवू नये.

तपासणीच्या टेबलावर बाईला हक्क आहेत, ते तिथे जायच्या आधी माहीत असावेत. लघवी करून जावं, म्हणजे त्रास कमी होतो. डॉक्टर पुरुष असतील तर खोलीत दुसरी बाई हजर हवी, असं सांगता येतं. सोबत सासू नको असेल तर तिला बाहेर बसवता येतं. 'काय करणार आहात ते आधी सांगा', 'लहान आकाराचं उपकरण वापरा', 'दुखतंय, थांबा', ही तिन्ही वाक्यं तिने म्हणायची आणि डॉक्टरांनी ऐकायची आहेत. आणि कुणी 'पिशवी काढून टाकू' म्हणालं, तर मुखाची कुठली तपासणी केली आणि तिचा कागद कुठे आहे, हे विचारावं. कागद हातात घेऊन दुसऱ्या डॉक्टरांना दाखवावा, आणि तोवर सही करू नये.