चिनी मातीचे राजवैभव

वाशीच्या एपीएमसी मार्केटात कैरीची आवक वाढली, की घरोघरी लोणच्याच्या बरण्या बाहेर निघतात. त्यांना आपण ‘चिनी मातीच्या’ म्हणतो खरे. पण राजेरजवाड्यांच्या मेजावरची पोर्सेलिनची भांडी या जाडजूड बरणीहून फार निराळी. केओलिन ही पांढरी माती आणि फेल्डस्पारयुक्त दगडाची पूड यांचे मिश्रण सुमारे १३०० अंश सेल्सिअसला भाजले, की दगडाचा अंश वितळून काचेसारखा होतो. म्हणून अशी बशी पातळ असूनही पाणी शोषत नाही, आणि उजेडासमोर धरली तर मागच्या बोटांची सावली दिसते.

ही विद्या शतकानुशतके चीनकडे होती. युरोपात सॅक्सनीचा अधिपती ऑगस्टस याने बॉटगर नावाच्या तरुण किमयागाराला सोने करण्यासाठी कैदेत ठेवले. सोने काही झाले नाही. १७०८च्या सुमारास पोर्सेलिन मात्र साधले. १७१०मध्ये माइसेनचा कारखाना निघाला, राजाची मेजे सजली. बॉटगर १७१९मध्ये, वयाच्या अवघ्या ३७व्या वर्षी वारला.

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सर रतन टाटांच्या संग्रहातील चिनी पोर्सेलिन आहे. ते अवश्य पाहावे. आणि पाहताना, भांड्यात जेवणाऱ्या राजाआधी भट्टीपाशी राबलेल्या कारागिराचे स्मरण करावे.