पुढचं स्टेशन कुठलं? माहीत नाही!

ख्रिस्ती असणं म्हणजे 'हे करू नको, ते खाऊ नको'ची यादी? शंभराहून जास्त वर्षांपूर्वीच्या एका मराठी जोडप्याला विचारा!

ॲडव्हेंचर म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? राजमाचीचा नाइट ट्रेक? रिव्हर राफ्टिंग? मला आठवतो तो आमच्या भागातून गेलेला एक रेल्वेप्रवास.

मी मूळचा बुलडाणा जिल्ह्यातल्या संग्रामपूरचा. सातपुड्याचा पायथा, काळी माती, कापूस. पुण्याहून घरी जायचं तर महाराष्ट्र एक्स्प्रेसनं शेगावला उतरायचं आणि पुढे एसटी. मनमाड, भुसावळ, शेगाव, नागपूर ही तीच लाइन. १८९३च्या सुमारास तिच्यावरून नारायण वामन टिळक नाशिकहून राजनांदगावला निघाले होते. लोकमान्य नव्हेत हं, 'फुलांमुलांचे कवी' टिळक! डब्यात एका गोऱ्या सहप्रवाशाशी गप्पा रंगल्या. उतरताना त्यानं बायबलचा नवा करार हातात ठेवला आणि भाकीत केलं, की दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. त्याचं नावही टिळकांना कधी कळलं नाही. पुस्तक मात्र त्यांनी उघडलं, आणि 'डोंगरावरील प्रवचना'पाशी ते अडकले ते अडकलेच.

तिकिटाची किंमत

१० फेब्रुवारी १८९५. मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. किंमत? जात, नातेवाईक आणि संसार. पत्नी लक्ष्मीबाई तेव्हा त्यांच्याजवळ नव्हत्या. मग काही वर्षांची ताटातूट. म्हणजे बघा, उडी एकानं मारली आणि आपटलं दुसरंच कुणीतरी. ॲडव्हेंचरच्या चकचकीत पोस्टरवर ही बाजू कधी छापत नाहीत.

माझ्या मते या गोष्टीतल्या खऱ्या ॲडव्हेंचरर लक्ष्मीबाईच. त्या परत आल्या, पण स्वतःच्या अटींवर. पाणी वेगळं, स्वयंपाक वेगळा. टिळकांनी सक्ती केली नाही. मग एके दिवशी बाईंनीच स्वतःला विचारलं, माणूस देवानं घडवला, मग ही जात कुणी घडवली? उत्तर सापडलं आणि सोवळंओवळं सुटलं. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली. एक नियमावली टाकून दुसरी डोक्यावर घेणं नव्हतं ते. स्वतःच्या पायांनी चालून गाठलेला मुक्काम होता. हे सगळं त्यांनी 'स्मृतिचित्रे'त इतकं खुसखुशीत सांगितलंय, की पुस्तक हातातून सुटत नाही.

सेफ जॉब? नो थँक्स!

टिळकांनीही नव्या धर्मात साहेबी थाट चढवला नाही. तुकोबांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असं ते म्हणत. अभंग, भजन, कीर्तन घेऊनच ते चर्चमध्ये शिरले. आजही मराठी चर्चच्या 'उपासना संगीता'त त्यांची कितीतरी गीतं गायली जातात. आणि १९१७ साली, पंचावन्न वर्षांचे असताना, त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली. साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले, न घेतलेले, ख्रिस्ताच्या मागे चालणारे सगळेच त्यात यावेत हे स्वप्न. दोनच वर्षांत, १९१९ मध्ये, ते गेले. 'सक्सेस स्टोरी' म्हणाल तर अर्धीच. प्रवास मात्र पुरेपूर.

प्रसाद खायचा की नाही?

आता माझ्याकडे वळू. ऑफिसात कुणी शेगावहून गजानन महाराजांचा प्रसाद आणला, की सगळे हळूच माझ्याकडे बघतात. 'तुला चालतो का रे?' नाही म्हटलं तर दोस्त हिरमुसतो. हो म्हटलं तर गावाकडे आजीच्या जिवाला लागतं. तिच्या फोनची सुरुवातच 'चर्चले गेला होता काय?' अशी. चेकलिस्ट असती तर सोपं होतं, टिक मारली की सुटलो.

अशाच पेचात सापडलेल्या करिंथच्या मंडळींना पौलानं पत्र लिहिलं होतं. त्याचा रोख साधा आहे. मला काय चालतं हे नंतर, माझ्या वागण्यानं समोरच्याचं काय होतं ते आधी बघा. प्रेम करायचं तर दर वेळी नव्यानं विचार करावा लागतो, आणि उत्तराची जबाबदारी स्वतःच घ्यावी लागते. म्हणून सध्या आजीशी आणि दोस्ताशीही मी यावर मोकळेपणानं बोलतोय. दोघांनाही माझं पूर्ण पटलेलं नाही. दोघांचे फोन मात्र येतात!

या वीकेंडला ट्राय करा

• 'स्मृतिचित्रे' उघडा. कुठल्याही धर्माचे असा, हसाल आणि गप्पही व्हाल.

• तुम्ही सवयीनं पाळत असलेला एक नियम निवडा आणि 'का?' विचारा. उत्तर मिळालं तर तो मनापासून पाळा.

• उडी मारण्याआधी मागे बघा. दोर कुणाच्या हातात आहे? त्या माणसाला आधी सांगा.